समजलं म्हणजे नक्की काय? एका फ्रेंच क्रियापदाची गोष्ट

लोकलमध्ये दाराशी लटकत ऐकत असाल, नाहीतर फोन ओट्यावर टेकवून भांडी घासत ऐकत असाल, जिथे असाल तिथे स्वागत. आणि जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी सांगतो: हा एपिसोडचाच मजकूर आहे. मी जिथे जिथे अडखळलो ते आणि शेजारच्यांच्या कुत्र्याचं भुंकणं तेवढं काढून टाकलंय.

आजची गोष्ट चार शब्दांची आहे. पण त्याआधी माझी फजिती सांगतो, कारण ती झाली नसती तर हा एपिसोडच झाला नसता.

मी ज्या प्रोजेक्टवर होतो तिथला क्लायंट फ्रेंच होता. एका रिलीजच्या आधी मी त्यांना भलामोठा मेल लिहिला. जुन्या बिलांच्या डेटाचा फॉरमॅट बदलतोय, त्यामुळे दोन दिवस काही रिपोर्ट निघणार नाहीत, वगैरे. पलीकडून तीन शब्दांचं उत्तर आलं: ‘बियां कोंप्री, मेर्सी.’ आता मी शाळेत आठवी ते दहावी फ्रेंच घेतलेलं. भाषेच्या प्रेमाने वगैरे नाही, स्कोअरिंग म्हणून. पण एवढं तर येतंच होतं. ‘नीट समजलं, धन्यवाद.’ म्हणजे हो! शुक्रवारी रात्री बदल लाइव्ह केला आणि झोपलो. सोमवारी सकाळी कॉल. समोरचा माणूस अजिबात चिडलेला नव्हता, ते जास्त वाईट वाटलं. तो शांतपणे म्हणाला, ‘मला समजलं असं मी म्हणालो होतो. करा असं कुठे म्हणालो?’

सगळा बदल मागे घेतला. मॅनेजरचं ऐकून घेतलं. आणि रात्री घरी येऊन, का कोण जाणे, त्या एका क्रियापदाच्या मागे लागलो.

क्रियापद आहे ‘कोंप्रांद्र’. समजणे. फ्रेंच शिकायला लागलात की पहिल्याच आठवड्यात भेटतं, कारण पहिल्या आठवड्यात तुम्हाला सगळ्यात जास्त लागणारं वाक्य ‘मला समजलं नाही’ हेच असतं. त्याच्या पोटात दुसरं एक क्रियापद आहे, ‘प्रांद्र’, म्हणजे घेणे. फ्रेंचमध्ये बस ‘घेतात’, कॉफी ‘घेतात’, निर्णय ‘घेतात’. त्याला पुढे काही ना काही जोडत गेलं की अख्खं कुटुंब तयार होतं: ‘आप्रांद्र’ म्हणजे शिकणे, ‘स्युरप्रांद्र’ म्हणजे अचानक गाठणे, चकित करणे. सरप्राइज तिथूनच आलं. ‘आंत्रप्रांद्र’ म्हणजे एखादं काम अंगावर घेणे, आणि त्यातून आला आपल्या स्टार्टअपवाल्यांचा लाडका आंत्रप्रेन्योर. या सगळ्यांचं मूळ लॅटिन, आणि लॅटिनमध्ये त्या मूळ क्रियापदाचा अर्थ होता पकडणे, हातात धरणे. इंग्रजीतला प्रिझन म्हणजे तुरुंग, तोही याच घराण्यातला.

म्हणजे ‘कोंप्रांद्र’ म्हणजे मुळात एकत्र पकडणे, मुठीत घेणे. यात परकं वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे संस्कृतमधल्या ‘ग्रह्’चा अर्थ पकडणे असाच आहे, आणि आपण विद्या ‘ग्रहण’ करतोच की.

पण मुठीत घेणे यातून दोन वाटा फुटतात. एखादी गोष्ट डोक्याच्या मुठीत आली तर ती समजली. आणि एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या मुठीत असेल, तर ती तिच्यात धरलेली आहे, समाविष्ट आहे. फ्रेंचमध्ये हे दोन्ही अर्थ आजही रोज वापरात आहेत. घराच्या जाहिरातीत ‘या घरात तीन खोल्या आहेत’ हे सांगायलाही ‘कोंप्रांद्र’ चालतं. रेस्टॉरंटच्या बिलावर ‘सर्व्हिस कोंप्री’ लिहिलेलं असतं, म्हणजे सेवेचे पैसे किमतीतच धरलेत. (१९८७ पासून तिथे तसा नियमच आहे. पॅरिसला गेलात तर टिपेवरून उगाच घाम फोडून घेऊ नका.) आणि ‘ई कोंप्री’ म्हणजे ‘...सकट’. मुलांसकट, टॅक्सासकट, माझ्यासकट.

समजलेला आणि धरलेला. हे दोन अर्थ लक्षात ठेवा. आता चार शब्दांकडे येतो.

४ जून १९५८. अल्जिअर्स शहर, संध्याकाळ. सरकारी मुख्यालयासमोरचं प्रचंड पटांगण माणसांनी भरलंय. बाल्कनीत लष्करी गणवेशातला एक ताडमाड उंच माणूस येतो, ६७ वर्षांचा. शार्ल द गॉल. हो, पॅरिसच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे तेच. ते हात वर करतात आणि म्हणतात: ‘ज वू झे कोंप्री!’

रेकॉर्डिंग इंटरनेटवर सहज मिळतं. मिळवून ऐका. चार शब्द, आणि मग गर्दीचा असा आवाज येतो की पुढे बराच वेळ दुसरं काही ऐकूच येत नाही.

हा आवाज कशाचा होता, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स घेतलं. पुढे अल्जीरियाला त्यांनी नुसती वसाहत म्हटलं नाही. १८४८ पासून तिथे फ्रान्ससारखेच जिल्हे पाडले. कागदावर अल्जीरिया म्हणजे फ्रान्सच. फक्त समुद्र ओलांडून जायचं एवढंच. १९५४ पर्यंत तिथे युरोपीय वंशाचे जवळपास १० लाख लोक राहत होते. कितीतरी जणांच्या तीन-चार पिढ्या तिथेच जन्मलेल्या. त्यांना पुढे ‘पिए-न्वार’ म्हणायला लागले, शब्दशः काळे पाय. आणि त्यांच्या आजूबाजूला ८० लाखांहून जास्त अरब आणि बर्बर लोक, ज्यांची सरकारी ओळख फक्त ‘मुस्लिम’ अशी होती.

आता एकच आकडा सांगतो, बाकी सगळं त्यातून कळेल. १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाला स्वतःची विधानसभा दिली. १२० जागा. त्यातल्या ६० पहिल्या मतदार गटाच्या, ज्यात मुख्यतः युरोपीय. उरलेल्या ६० दुसऱ्या गटाच्या, म्हणजे बाकी सगळ्या मुस्लिमांच्या. १० लाखांना निम्म्या आणि ८० लाखांना निम्म्या! आणि त्यातही १९४८ च्या निवडणुकीत सरकारने राजरोस हेराफेरी केली. मग १ नोव्हेंबर १९५४ ला एफएलएन या संघटनेने सशस्त्र लढा सुरू केला. बॉम्ब, घातपात, त्याला उत्तर म्हणून फ्रेंच सैन्याचे छापे, अटका, छळ. पॅरिसमध्ये सरकारं कोसळत होती, एक आलं की दुसरं.

१३ मे १९५८ ला अल्जिअर्सच्या पिए-न्वार जमावाने तेच सरकारी मुख्यालय फोडून ताब्यात घेतलं. त्यांना भीती होती की पॅरिसचं नवं सरकार एफएलएनशी बोलणी करणार. सेनापती जमावाच्या बाजूने गेले. काही दिवसांनी सैन्याने कोर्सिका बेटही घेतलं, आणि पुढचा नंबर पॅरिसचा अशी चर्चा सुरू झाली. या सगळ्या घोळात एकच नाव सगळ्यांना चालणारं होतं: द गॉल. १९४० मध्ये लंडनहून बीबीसीवरून ‘लढा चालूच आहे’ असं सांगणारा माणूस. १९४६ पासून सत्तेबाहेर, गावी बसून आठवणी लिहिणारा. १ जूनला संसदेने त्यांना पंतप्रधान केलं. तीन दिवसांनी ते त्या बाल्कनीत होते.

खाली गर्दी घोषणा देत होती: ‘आल-जे-री फ्रां-सेझ’, फ्रेंच अल्जीरिया. गाड्यांचे हॉर्नही त्याच तालात वाजायचे, तीन छोटे, दोन लांब. टी-टी-टी टाऽऽ टाऽऽ. मुंबई-पुण्यात हॉर्नला फक्त शिवीचा अर्थ असतो, तिथे हॉर्न राजकीय घोषणा देत होता.

आणि या गर्दीला वरून उत्तर मिळालं, ‘ज वू झे कोंप्री.’

हे मराठीत कसं म्हणाल? मी एक संध्याकाळ यात घालवली. ‘मला तुमचं म्हणणं कळलंय’ म्हणावं, तर ‘म्हणणं’ हा शब्द मूळ वाक्यात नाहीच. काय कळलं, ते द गॉल सांगत नाहीत, फक्त ‘तुम्हाला’ म्हणतात. ‘मी तुम्हाला समजून घेतलंय’ म्हणावं, तर त्यात माया येते, आईने डोक्यावरून हात फिरवल्यासारखी. आणि ‘मी तुम्हाला ओळखलंय’ म्हटलं की थेट धमकी होते. बरोबर ओळखलंय हं मी तुम्हाला! गंमत म्हणजे फ्रेंच वाक्यात या तिन्ही छटा बसतात. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी.

दुसरी गोष्ट त्या ‘वू’ची. फ्रेंचमधला ‘वू’ आपल्या ‘तुम्ही’सारखाच आहे, एकाला आदराने आणि अनेकांना सरसकट. पण ‘तुम्ही’ म्हणजे कोण? समोर उभे असलेले पिए-न्वार? शेजारी उभे असलेले सेनापती? की जे त्या पटांगणात फारसे नव्हतेच, ते सगळे अल्जीरियन?

गर्दीने एक क्षणही विचार केला नाही. ‘तुम्ही’ म्हणजे आम्ही, आणि ‘समजलं’ म्हणजे हो. मी त्या शुक्रवारी रात्री केलं तेच. फरक एवढाच, की माझ्या बाबतीत दोन दिवसांचे रिपोर्ट गेले.

खुद्द द गॉल यांनी नंतर आपल्या आठवणींमध्ये याबद्दल लिहिलंय, आणि ते लपवाछपवी करत नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ते शब्द उत्स्फूर्त वाटावेत असे होते, पण आतून नीट मोजलेले होते. लोकांना उत्साह तर यावा, पण त्या उत्साहाने आपल्याला हवं त्याच्या पुढे ओढून नेऊ नये. म्हणजे संदिग्धपणा ही चूक नव्हती. तेच काम होतं. आपल्याकडे नेते ‘बघू’ म्हणतात ना, तसं. आपण ‘बघू’ ऐकून आशेने घरी जातो, आणि ‘बघू’ म्हणणाऱ्याने कधी काही कबूल केलेलंच नसतं. फक्त ‘बघू’ ऐकून कुणी हॉर्न वाजवत नाही.

पण खरी गोष्ट इथे संपत नाही, आणि मला वाटतं बहुतेक लोक इथेच थांबतात. क्लिपसुद्धा चार शब्दांवर कापलेली असते. भाषण पुढे चालू राहतं, आणि पुढच्या भागात द गॉल असं काही म्हणतात जे त्या गर्दीला खरं तर झोंबायला हवं होतं. आजपासून, ते म्हणतात, फ्रान्सच्या दृष्टीने अख्ख्या अल्जीरियात एकाच प्रकारचे रहिवासी आहेत. सगळे पूर्ण फ्रेंच, सारखे हक्क, सारखी कर्तव्यं. हे एक कोटी लोक एकाच मतदार गटात मत देतील, आणि त्यांच्या मताची किंमत इतर कुठल्याही फ्रेंच माणसाच्या मताइतकीच असेल.

६० आणि ६० चा हिशेब एका वाक्यात मोडला! बिलाच्या भाषेत सांगायचं तर ८० लाख माणसं ‘कोंप्री’ झाली. किमतीत धरली गेली. द गॉल यांनी शब्दावर मुद्दाम कोटी केली असं मी म्हणत नाही. तसा काही पुरावा नाही, आणि ते कोट्या करायला आलेही नव्हते. पण हे भाषण वाचताना मला सारखं वाटतं, की पहिल्या वाक्यात त्या क्रियापदाचा एक अर्थ आहे आणि उरलेल्या भाषणात दुसरा. गर्दीने पहिला ऐकला. दुसरा आवाजात वाहून गेला.

(थोडं विषयांतर. फ्रेंचमध्ये ‘ऐकणे’साठी आज जे क्रियापद आहे, ‘आंतांद्र’, त्याचा अर्थ जुन्या फ्रेंचमध्ये समजणे असा होता. ऐकण्यासाठी वेगळं क्रियापद होतं, ‘उईर’. ते मागे पडत गेलं, साधारण सतराव्या शतकापासून ‘आंतांद्र’ ऐकण्याकडे सरकलं आणि समजण्याचं काम ‘कोंप्रांद्र’कडे आलं. म्हणजे ऐकणं आणि समजणं यांची खाती फ्रेंच लोकांनीही एकदा बदलून पाहिलेली आहेत.)

त्यानंतर घटना भराभर घडल्या. दोन दिवसांनी मोस्तागानेम गावात द गॉल ‘फ्रेंच अल्जीरिया झिंदाबाद’ असंही म्हणाले, त्यामुळे लोकांना फसवल्यासारखं वाटलं तर त्यांची अगदीच चूक म्हणता येत नाही. २८ सप्टेंबरला नव्या राज्यघटनेवर मतदान झालं आणि अल्जीरियातल्या मुस्लिम बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. पण बरोबर एक वर्ष उलटत नाही तोवर, १६ सप्टेंबर १९५९ ला द गॉल यांनी टीव्हीवर सांगितलं की अल्जीरियाने आपलं भवितव्य स्वतः ठरवावं. वेगळं होणं हाही त्यातला एक पर्याय. जानेवारी १९६१ मध्ये यावर सार्वमत झालं, आणि सुमारे ७५ टक्के लोकांनी होकार दिला.

एप्रिल १९६१ मध्ये चार सेनापतींनी अल्जिअर्समध्ये बंड केलं. इथे आपल्यासारख्या कानवाल्या लोकांसाठी एक खास गोष्ट आहे. २३ एप्रिलला रात्री द गॉल टीव्हीवर आणि रेडिओवर बोलले. यावेळी संदिग्ध काहीच नव्हतं. या सेनापतींचा हुकूम मानायला मी मनाई करतो, आणि लोकहो, मला मदत करा. अल्जीरियातल्या छावण्यांमध्ये सक्तीच्या भरतीतली साधी पोरं होती, विशीतली, आणि त्यांच्याकडे छोटे ट्रान्झिस्टर होते. त्यांनी ते थेट ऐकलं. मधल्या अधिकाऱ्याने सांगितलेलं नाही, स्वतःच्या कानाने. बऱ्याच जणांनी बंडवाल्या अधिकाऱ्यांचं ऐकायचं बंद केलं आणि चार दिवसांत बंड आटोपलं. फ्रेंच लोक त्याला ट्रान्झिस्टरची लढाई म्हणतात. तोच माणूस, तोच आवाज. एकदा पटांगणात हजारोंनी एकत्र ऐकला, एकदा बराकीत कानाला लावून.

१८ मार्च १९६२ ला एव्हियां गावात करार झाला. १९ ला युद्धविराम. २६ मार्चला अल्जिअर्समध्येच फ्रेंच सैनिकांनी पिए-न्वार जमावावर गोळीबार केला, डझनावारी माणसं मेली. ज्या शहरात चार वर्षांपूर्वी ‘समजलं’ ऐकून जल्लोष झाला होता, तेच शहर. जुलैच्या सुरुवातीला अल्जीरिया स्वतंत्र झाला. भिंतींवर घोषणा होती, ‘सुटकेस किंवा शवपेटी’, आणि त्या एका वर्षात सहा लाखांहून जास्त पिए-न्वार जहाजांनी, विमानांनी फ्रान्सला गेले. बऱ्याच जणांनी तो देश आधी कधी पाहिलाही नव्हता. त्या लोकांच्या घरांत ‘ज वू झे कोंप्री’ हे वाक्य दगा या अर्थाने उरलं. आजही फ्रान्समध्ये कुणी हे वाक्य त्या ढंगात, हात वर करून म्हटलं की ते टोमणा म्हणूनच.

त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांची गोष्ट निदान सांगितली जाते. मला ज्यांनी जास्त अस्वस्थ केलं ते ‘हार्की’. फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेले अल्जीरियन मुस्लिम. गावातली गरीब माणसं, कुणी पगारासाठी आलेली, कुणी सूडापोटी, कुणी फ्रान्सवर विश्वास ठेवून. १९५८ च्या त्या भाषणाप्रमाणे ती ‘पूर्ण फ्रेंच’ होती. १९६२ मध्ये त्यांची शस्त्रं काढून घेतली गेली, आणि त्यांना परस्पर फ्रान्सला आणू नका असे आदेश पॅरिसहून अधिकाऱ्यांना गेले. मागे राहिलेल्यांपैकी हजारोंना स्वातंत्र्यानंतर मारण्यात आलं. जे कसेबसे पोचले त्यांच्यातल्या अनेकांची रवानगी छावण्यांमध्ये झाली.

आणि मग २१ जुलै १९६२ चा तो वटहुकूम. पिए-न्वारांचं फ्रेंच नागरिकत्व आपोआप चालू राहिलं. पण अल्जीरियातल्या मुस्लिमांना ते टिकवायचं असेल, तर फ्रान्समध्ये येऊन अर्ज करायचा, घोषणापत्रावर सही करायची. नाहीतर गेलं. ‘एकाच प्रकारचे रहिवासी’ या वाक्याला जेमतेम चार वर्षं झाली होती.

मी इंजिनिअर माणूस, मला हे असंच दिसतं: एकाच्या खात्यात डीफॉल्ट ‘हो’ आहे, दुसऱ्याच्या खात्यात डीफॉल्ट ‘नाही’, आणि फॉर्म भरायची जबाबदारी दुसऱ्यावर. कोड एका ओळीचा असतो. ज्याच्या गावात दोन्ही बाजू त्याच्या जिवावर उठल्यात, ज्याला वाचताही येत नाही, त्याने समुद्र ओलांडून तो फॉर्म कुठे शोधायचा, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं.

द गॉल खोटं बोलले का? मला वाटतं, पहिल्या अर्थाने नाही. त्यांनी गर्दीला नीट ओळखलं होतं. ती काय मागतेय आणि आपण ते देणार नाही, याचा बराचसा अंदाज त्यांना होता. पण दुसऱ्या अर्थाचं काय? ८० लाख लोकांना बिलात धरतो म्हटलं, आणि बिल आल्यावर तीच ओळ खोडली. इतिहासाची पुस्तकं पहिल्या अर्थावर पानंच्या पानं खर्च करतात. दुसऱ्याबद्दल फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी हार्कींची जाहीर माफी मागायला २०२१ साल उजाडावं लागलं.

असो. त्या क्लायंटबरोबर मी पुढे वर्षभर काम केलं. माणूस चांगला निघाला. त्याचं ‘बियां कोंप्री’ आलं की मी लगेच खाली एक ओळ टाकायचो, ‘दाकोर?’ म्हणजे मान्य? बहुतेक वेळा ‘वी’ यायचं. दोनदा ‘नों’ आलं.

भाषणाचं रेकॉर्डिंग शोधाल तर पूर्ण शोधा, छोटंसंच आहे. भेटू पुढच्या एपिसोडला.